पाऊस पाटगावात, पाणी यमगर्णीत

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात पुणे-बेंगळूर महामार्ग दोन ठिकाणी पाण्याखाली गेला. कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगा रस्त्यावर आली आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा. जवळजवळ आठवडाभर वाहतूक ठप्प होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले, त्याच दोन जागांवर. निपाणीत तेव्हा पाऊस नव्हता असे नाही. पण महामार्ग बुडवणारे पाणी निपाणीच्या आभाळातून पडलेले नव्हते. भुदरगड तालुक्यात पाटगावच्या डोंगरांत पडलेला पाऊस गारगोटी, मुरगूड करत इथवर आला होता.

एखादी इमारत, कारखाना, दवाखाना किंवा पंपघर ज्यांच्या हवाली असते, त्यांनी वादळापूर्वी काय तयारी करावी, हा विषय थंड देशांत बर्फाच्या वादळांच्या निमित्ताने दरवर्षी निघतो. नळ गोठू नयेत म्हणून पाइपांना गुंडाळणे, छतावरचा बर्फ उतरवणे, रस्त्यावर टाकायचे मीठ भरून ठेवणे ही तिथली कामे. बेळगावच्या थंडीचे आपण कितीही कौतुक केले तरी ती अजून कुणाचा नळ फोडत नाही. इथले वादळ पाण्याचे आणि वाऱ्याचे आहे. तयारीचा प्रश्न मात्र तोच आहे, आणि सीमाभागात तो जरा जास्त अवघड आहे. इथल्या मेंटेनन्सच्या माणसाला स्वतःच्या डोक्यावरचे आभाळ पाहून भागत नाही. दुसऱ्या तालुक्यातले, बहुधा दुसऱ्या राज्यातले आभाळही पाहावे लागते.

नकाशा डोळ्यांपुढे आणला की हे पटते. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या चिकोडीत तो सहाशे-सातशेच्या घरात येतो. म्हणजे माथ्यावरच्या पावसाचा जेमतेम दहावा हिस्सा. पण नद्या मात्र माथ्यावरून या कोरड्या बाजूला वाहतात. हिरण्यकेशी आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लजमार्गे संकेश्वरला येते. घटप्रभेला चंदगड तालुक्याचे पाणी मिळते. वेदगंगा भोजच्या परिसरात दूधगंगेला भेटते आणि दूधगंगा पुढे कल्लोळ-येडूरजवळ कृष्णेत जाते. त्यामुळे निपाणी-चिकोडीचा शेतकरी जुलैच्या अखेरीस पिकाला पाऊस कमी पडला म्हणून हळहळत असतो आणि त्याच आठवड्यात त्याच्या नदीकाठच्या उसात कमरेइतके पाणी उभे असते.

यावर उपाय म्हणून लागणारी माहिती फारशी गुप्त नाही. पावसाळ्यात इथली वर्तमानपत्रे रोज छापतात: राजापूर बंधाऱ्यातून कृष्णेत इतके क्युसेक, सदलग्याजवळ दूधगंगेतून इतके क्युसेक, दोन्ही मिळून कल्लोळला इतके. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. वरच्या अंगाला वेदगंगेवरच्या पाटगाव धरणाची क्षमता ३.७१ टीएमसी, दूधगंगेवरच्या काळम्मावाडीची २५.३९ टीएमसी; आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. धरण लहान असले की ते लवकर भरते, आणि भरल्यावर वरून येईल तेवढे पाणी खाली सोडण्याशिवाय त्याला गत्यंतर नसते. पाटगाव भरल्याची बातमी ही म्हणूनच यमगर्णीसाठी काळम्मावाडीच्या बातमीपेक्षा जास्त महत्त्वाची. हे आकडे वाचून सोडून देण्याऐवजी एका वहीत लिहून ठेवले, आणि शेजारच्या रकान्यात आपल्या कुंपणाशी पाणी कधी आले तेही लिहिले, तर दोन-तीन पावसाळ्यांत प्रत्येक संस्थेला स्वतःचा अंदाज बांधता येतो. वरून इतके सुटले की आपल्या आवाराला किती तासांची मुदत, हे कोणतेही सरकारी पत्रक सांगू शकणार नाही, कारण प्रत्येक आवाराची उंची निराळी.

राज्यांच्या पातळीवर हा संवाद व्हायला मोठे पूर यावे लागले. १९ जून २०२१ रोजी महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळूरला जाऊन मुख्यमंत्री येडियुराप्पांना भेटले. विषय कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या पुराचा आणि धरणांच्या पाण्याची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना देण्याचा होता. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्यामुळे सांगली-कोल्हापूर बुडते की नाही, हा वाद दोन्हीकडे तावातावाने चालतो. पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला दोष दिला नाही, तरी वाद मिटलेला नाही. त्यात पडण्याचे इथे कारण नाही. निपाणीतल्या वखारीच्या मुकादमाला हवा असतो तो पाटगाव किंवा गारगोटीत फोन उचलणारा एक ओळखीचा माणूस. सीमाभागात सोयरिकी नदीच्या दोन्ही अंगांना आहेत, त्यामुळे असा माणूस सापडणे कठीण नाही. कठीण आहे ते त्याचा नंबर जूनच्या आधी भिंतीवर लिहून ठेवणे.

आता कॅलेंडरचे. आपल्याकडे ‘पावसाळी कामे’ नावाचा प्रकार मेच्या उत्तरार्धात सुरू होतो. निविदा निघतात, नाल्यातला गाळ काढून काठावरच ठेवला जातो आणि पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा नाल्यात जातो. मृग ७-८ जूनला लागते आणि रोहिणी २५ मेच्या सुमारास, या हिशेबाने हे वेळेवर वाटते. परंतु बेळगाव परिसरात वर्षातले पहिले वादळ वळवाचे असते आणि ते एप्रिलातही येते. दुपारभर तापलेली हवा वर चढते, संध्याकाळी ढग फुटतो, गार वारा धाडकन खाली आपटतो, गारा पडतात, विजा कडाडतात आणि अर्ध्या तासात सगळे संपते. पत्रे उडतात ते याच अर्ध्या तासात. विजेचे खांब वाकतात, झाडे पडतात तीही बहुतेक तेव्हाच. पावसाळ्याची तयारी मेअखेर करणारे कार्यालय म्हणजे वाऱ्याची परीक्षा देऊन झाल्यावर अभ्यासाला बसणारे कार्यालय. पत्रे, झाडे, तारा आणि अर्थिंग ही कामे मार्चअखेर उरकलेली हवीत. गटारे, पन्हाळी आणि पंप मेमध्ये चालतील.

पत्रा उडतो तो वारा त्याला खालून ढकलतो एवढ्यामुळेच नव्हे. छपरावरून वेगाने जाणारा वारा वरच्या बाजूला दाब कमी करतो आणि पत्रा वर ओढला जातो. ही ओढ कडेला आणि कोपऱ्यांत सर्वांत जास्त असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे शेडवर चढणाऱ्या माणसाकडे वेळ थोडा असेल तर त्याने मधले स्क्रू सोडून आधी कडेच्या दोन ओळी आणि चारही कोपरे तपासावेत. रबराचे वायसर उन्हाने कडक होऊन चिरतात, हुकांना गंज चढतो. मोठे सरकते दार वाऱ्याच्या दिशेला उघडे राहिले तर आतून दाब आणि वरून ओढ अशी दोन्ही बाजूंनी छपराची ससेहोलपट होते. वॉचमनला द्यायची सूचना एका वाक्याची आहे: आभाळ भरले की वाऱ्याकडचे दार आधी बंद. ती सूचना त्याला कळणाऱ्या भाषेत हवी, हेही सांगावे लागते. सीमाभागात एकाच पाळीत मराठी वाचणारा, कन्नड वाचणारा आणि उत्तरेकडून आलेला असे तिघे असतात; पंपाशेजारची धोक्याची पाटी एकाच भाषेत असेल तर उरलेल्या दोघांसाठी तो नुसता रंग.

झाडांचेही तसेच. बेळगावच्या कॅम्पात आणि जुन्या वस्त्यांत मोठी झाडे आहेत आणि ती शहराची शान आहेत. पण गुलमोहराची मुळे उथळ असतात आणि बुंध्याभोवती सिमेंट ओतले, एका अंगाने गटार खणले की त्याची पकड जाते. धोक्याची फांदी तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी हातात पडत नाही. मार्च गाठायचा असेल तर अर्ज जानेवारीत हवा. झाड एकाच बाजूने छाटून बोडके करणे मात्र मूर्खपणाचे: एका बाजूच्या फांद्या तोडलेले झाड उरलेल्या बाजूला कलते आणि पुढच्या वाऱ्यात तेच आधी पडते.

हेस्कॉम या वीज कंपनीची जाहिरात आपण रागानेच वाचतो: रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अमुक फीडरवर दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद. हीच खरी पावसाळी तयारी असते. त्या दिवसात लाईनमन ११ केव्हीच्या तारांना लागणाऱ्या फांद्या काढतात, ढिले जंपर आवळतात, तडा गेलेले इन्सुलेटर बदलतात. इन्सुलेटरवर सहा महिने धूळ बसलेली असते. कोरडी असेपर्यंत ती निरुपद्रवी. पहिल्या रिमझिमीने ती भिजली की तिच्यातून वीज सरपटत जमिनीकडे जाऊ लागते आणि फीडर ट्रिप होतो. पहिल्या हलक्या सरीलाच दिवे का जातात, मुसळधारेत मात्र टिकतात, या नेहमीच्या वैतागाचे हे एक कारण. जोराचा पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो.

या लाईनमनचा जीव आपल्या आवारातल्या एका वस्तूवर अवलंबून असतो. वीज गेल्यावर जनरेटर लावला आणि मध्ये चेंजओव्हर स्विच नसेल, तर आपली वीज उलटी फिरून ट्रान्सफॉर्मरमधून वर चढते आणि बंद समजून तारेला हात लावणाऱ्या माणसाला ११ हजार व्होल्टचा झटका बसतो. लग्नाच्या मांडवात भाड्याने आणलेले जनरेटर घाईने जोडतात तेव्हा हा प्रकार होतो. म्हणून लाईनमन काम सुरू करण्याआधी लाईन क्लिअर घेतात, तारांना अर्थिंगचा दांडा लावतात. पण आपल्या बाजूचा स्विच तपासणे हे आपले काम.

अर्थिंगची एक गंमत आहे. ते मोजायची योग्य वेळ एप्रिल-मे. जमीन कोरडी असताना तिचा विरोध सर्वांत जास्त असतो. तेव्हा आकडा चांगला आला तर वर्षभर काळजी नाही. पुष्कळ ठिकाणी तपासणी ऑगस्टमध्ये होते, ओल्या जमिनीत आकडा झकास येतो, फाइल बंद होते आणि पुढच्या एप्रिलात वळवाची पहिली वीज संगणक, लिफ्टचे कार्ड, पंपाचा पॅनल असे सगळे एका दमात घेऊन जाते. विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ नावाचे अॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. छतावर, टाकीवर किंवा शिडीवर माणसे चढवण्याआधी ते पाहण्याची सवय लावली तरी पुष्कळ.

जुलैचा पाऊस निराळा. त्यात वारा कमी, पण थांबणे नाही. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात. हे आकडे छतावर नेऊन बघायला हवेत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस मीटरच्या गोदामावर दिवसात १०० मिलिमीटर पडला तर एक लाख लिटर पाणी पन्हाळीतून खाली उतरायला हवे. ते जाणार असते चार-सहा पाइपांतून, आणि त्यांतल्या दोनांत कबुतराचे घरटे, पिंपळाचे रोप आणि क्रिकेटचा चेंडू असतो. सपाट गच्चीवर दहा सेंटिमीटर पाणी साचले की चौरस मीटरला शंभर किलोचा बोजा वाढतो. गच्चीच्या कठड्याला आपत्कालीन भोक ठेवणे, म्हणजे तळाचा पाइप तुंबला तरी पाणी वरच्या वाटेने बाहेर पडेल, हा शंभर रुपयांचा उपाय आहे. जुन्या गवंड्यांना तो माहीत होता. नव्या इमारतींत दिसण्याच्या नादात तो गेला.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांना यातले काही शिकवायला जाऊ नये. तिथे घर शाकारणे ही दरवर्षीची रीत होती: कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा-वासे तपासायचे, वाळवी लागलेला वासा बदलायचा आणि कौले पुन्हा चढवायची. खानापूर तर कौलांचे आणि मातीकामाचेच गाव. शाकारणीचा मोठा गुण असा की तिच्यात छप्पर सगळे उघडे पडते, झाकलेले काही राहत नाही. सिमेंटच्या गच्चीने ही सक्ती काढून टाकली आणि तिच्याबरोबर पाहणीही गेली. या भागात ती सक्ती टिकली आहे ती साखर कारखान्यांत. गळीत हंगाम संपला की बॉयलर, टर्बाइन, मिलचे रोलर सगळे उघडतात, कारण पुढच्या हंगामात एक दिवस मिल बंद पडली तर उभ्या उसाचे नुकसान डोळ्यांना दिसते. ज्या कारखान्याचे फिटर बॉयलरची नळी न् नळी ठोकून पाहतात, त्याच कारखान्याच्या साखर गोदामाचे छप्पर गळके असते, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. गोदामाला हंगाम नाही, म्हणून त्याची तपासणीही नाही.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींचे शत्रू दोन: वरून गळती आणि खालून ओल. तंबाखू हवेतली आर्द्रता शोषून घेतो आणि बुरशी आली की माल गेला. पोती जमिनीला टेकू न देता फळ्यांच्या चौकटीवर रचायची, भिंतीपासून हातभर अंतर सोडायचे, म्हणजे हवा फिरते आणि गळती कुठून सुरू झाली तेही दिसते. नदीकाठच्या वखारींत २०१९ नंतर आणखी एक गोष्ट करणे शहाणपणाचे ठरले: भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण रंगवून ठेवणे आणि किमती माल तिच्या वर चढवता येईल अशी व्यवस्था मेमध्येच करणे. पाणी चढू लागल्यावर हमाल मिळत नाहीत, कारण हमालांच्या घरातही पाणी चढत असते.

उद्यमबागच्या फौंड्रींची गोष्ट सर्वांत धोक्याची आणि बाहेरच्यांना सर्वांत कमी माहीत असलेली. बेळगावच्या ओतकामाला मोठा लौकिक आहे आणि पुष्कळ ठिकाणी इंडक्शन फर्नेस वापरतात. तिच्यात तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते. नळीतून वीज जाते आणि थंडाव्यासाठी पाणीही खेळते. वीज गेली की वितळवणे थांबते, पण आतला दीड हजार अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस गरमच राहतो. पाणी खेळायचे थांबले तर वेटोळे वितळू शकते, आणि मग पाणी व रस यांची गाठ पडते. पाण्याची वाफ होताना ती सुमारे १,६०० पट जागा मागते. बंदिस्त जागेत याचा अर्थ स्फोट. म्हणून उंचावर पाण्याची वेगळी टाकी असते, जिच्यातून पाणी वीज नसतानाही आपोआप उतरते, किंवा डिझेलवर चालणारा पंप असतो. पावसाळ्याआधी ती टाकी खरोखर भरलेली आहे का आणि तिचा व्हॉल्व्ह हाताने फिरतो का, हे पाहणे जिवाशी निगडित आहे. दुसरी काळजी भंगाराची. उघड्यावर भिजलेले भंगार, त्यातही पोकळ पाइप किंवा डबे, सरळ रसात टाकले तर तीच वाफ, तोच स्फोट. स्क्रॅप यार्डवर छप्पर घालणे यासाठी हवे असते.

पंपघरांचा धडा कोल्हापूरने २०१९ मध्ये सगळ्यांसमोर गिरवला. शहर पुराने वेढलेले आणि नळाला पाणी नाही, कारण शिंगणापूर, बालिंगा ही उपसा केंद्रेच पाण्यात गेली होती. नदीतून पाणी उचलायचे तर पंप नदीकाठीच हवा, यात दुमत नाही. पण मोटारीची पातळी आणि स्टार्टर-पॅनलची पातळी एकच असावी असे कुठेही लिहिलेले नाही. पॅनल वरच्या मजल्यावर नेता येतो. बेळगाव शहराचे पाणी राकसकोप आणि हिडकलहून येते. राकसकोपच्या जलाशयाची २४७५ फुटांची पातळी गाठली गेली की शहर आनंदते, छायाचित्रे छापून येतात. पण तलाव काठोकाठ भरलेला असताना हिंडलग्याच्या पंपांची वीज गेली तर घरातला नळ कोरडाच. धरणाची दारे उघडली की पुढे मार्कंडेयच्या काठची शेते पाण्याखाली जातात, आणि शहराच्या दक्षिणेला बळ्ळारी नाला दरवर्षी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशेतीत शिरतो तो वेगळाच. त्या नाल्याचा गाळ हा बेळगावात वर्षानुवर्षे छापला जाणारा विषय आहे.

अशा वेळी भिस्त जनरेटरवर असते, आणि जनरेटर असणे व तो चालणे यांत मोठे अंतर आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका नामवंत विद्यापीठ रुग्णालयाने जनरेटर वरच्या मजल्यावर ठेवले होते. दूरदृष्टी चांगली होती. पण त्यांना डिझेल पुरवणारे पंप तळघरात होते. तळघर बुडाले, वरचे जनरेटर उपाशी राहिले आणि तीनशेहून अधिक रुग्णांना अंधारात जिन्याने उतरवून दुसरीकडे हलवावे लागले. आपल्या दवाखान्यांत, मंगल कार्यालयांत, बँकांत जनरेटरची चाचणी म्हणजे दर सोमवारी पाच मिनिटे रिकामा फिरवणे. त्यातून बॅटरी चांगली आहे एवढेच कळते. मुख्य स्विच खरोखर बंद करून, पूर्ण बोजा टाकून निदान अर्धा तास चालवल्याशिवाय रेडिएटर तापतो का, डिझेलमध्ये पाणी आहे का, चेंजओव्हर अडकतो का, यांतले काही समजत नाही. डिझेलचा साठा किती, याचे उत्तरही यमगर्णीच्या अनुभवावरून काढावे: महामार्ग बंद असताना टँकर येत नाही. कोल्हापुरात २०१९ मध्ये इंधन अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावे लागले होते.

टेक्सासमधले २०२१ च्या फेब्रुवारीतले बर्फाचे वादळ इथे आठवते ते थंडीसाठी नव्हे. तिथे ४५ लाखांहून अधिक घरांची आणि दुकानांची वीज गेली, अधिकृत मोजणीत २४६ माणसे दगावली. वीज वाचवण्यासाठी कंपन्यांनी काही भागांचा पुरवठा तोडला. त्यात वायूचे पंप चालवणारी केंद्रेही तुटली, कारण ती ‘अत्यावश्यक’ यादीत नोंदलेलीच नव्हती. वायू थांबला म्हणून वीजकेंद्रे थांबली, म्हणून आणखी वीज तोडावी लागली. त्याआधी दहा वर्षे, २०११ मध्ये, तिथे असेच वादळ येऊन गेले होते आणि काय करायला हवे याचा अहवालही झाला होता. आपल्या दवाखान्याचा, प्राणवायूच्या प्लांटचा, गावच्या जॅकवेलचा फीडर कोणता आणि हेस्कॉमच्या यादीत तो अत्यावश्यक म्हणून नोंदलेला आहे का, हे विचारायला एक अर्ज लागतो.

पर्यायी व्यवस्था या शब्दावर मी फार विसंबणार नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरामुळे कोकण रेल्वे बंद पडली, म्हणून मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी लोंढा-मिरज मार्गाने वळवली. २३ जुलैला दूधसागर आणि सोनावळीच्या दरम्यान दरड कोसळून तीच गाडी घसरली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्याच दिवशी यमगर्णीला महामार्गही बंद झाला. कोकणातून घाटावर, रेल्वेकडून रस्त्यावर, कुठेही वळलो तरी पाऊस एकच होता. दोन फीडर आहेत म्हणून निर्धास्त असलेल्या कारखान्याने ते दोन्ही एकाच खांबांच्या रांगेवरून येत नाहीत ना, हे एकदा चालत जाऊन पाहावे.

रेल्वेचे देखभालीचे काम मात्र शिकण्यासारखे. कॅसलरॉक ते कुळेचा घाट सुमारे २६ किलोमीटरचा, चढ ३७ ला एक. पावसाळ्यात तिथे ट्रॅकमन रात्रभर रुळांवरून गस्त घालतात. ठरलेल्या हद्दीत चालायचे, पुढच्या गस्तवाल्याला भेटून वही बदलायची, परत फिरायचे. दरडीच्या जागांवर वेगळे पहारेकरी बसतात. दरड दिसली तर ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाका-सिग्नल रुळाला बांधायचे, म्हणजे धुक्यात लाल दिवा दिसला नाही तरी चाकाखालचा आवाज चालकाला थांबवतो. कोणाला विचारायचे, परवानगी कोणाची, हा प्रश्नच तिथे नाही. गाडी थांबवण्याचा अधिकार त्या अंधारात भिजत उभ्या असलेल्या माणसालाच दिलेला आहे. आपल्या कारखान्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरला साहेबांचा फोन लागल्याशिवाय मुख्य स्विच पाडता येतो का? बहुतेक ठिकाणी येत नाही, आणि वादळात फोन लागत नाही.

माणसांचा हिशेब हा तयारीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोज-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे कमी उंचीचे पूल-बंधारे दरवर्षी पाण्याखाली जातात. पलीकडच्या गावातला वायरमन कितीही कर्तव्यदक्ष असला तरी त्या दिवशी तो येऊ शकत नाही. आला तर लांबच्या वळशाने, आणि परत घरी जाऊ शकत नाही. पाळीपत्रक हुद्द्याप्रमाणे लावतात. जुलै-ऑगस्टपुरते ते नदीच्या काठाप्रमाणे लावले पाहिजे: पंप, वीज आणि जनरेटर या तिन्ही कामांना एक तरी माणूस अलीकडच्या काठावर राहणारा. जो थांबणार आहे त्याच्यासाठी कोरडे कपडे, गमबूट, बॅटरी, तांदूळ-डाळ, स्टोव्ह, झोपायला उंच जागा आणि घरी निरोप पोहोचवायची सोय. ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरते आहे त्याला कामावर अडकवून ठेवू नये. त्याचे चित्त तिथे नसते आणि विजेच्या कामात चित्त नसणे परवडत नाही.

पाणी ओसरल्यावरची घाई पुरापेक्षा जास्त यंत्रे जाळते. बुडालेली मोटार बाहेरून वाळलेली दिसली तरी गुंडाळीत ओल आणि गाळ असतो. ती आधी स्वच्छ पाण्याने धुवायची, उघडून सुकवायची, बेअरिंगचे ग्रीस बदलायचे आणि मग मेगरने इन्सुलेशन मोजायचे. ४१५ व्होल्टच्या मोटारीला निदान एक मेगाओहम तरी हवा, त्याहून जास्त असेल तर बरे. पाण्यात गेलेले एमसीबी आणि रिले वाळवून वापरू नयेत, सरळ बदलावेत. रिवायंडिंगवाल्यांकडे पूर ओसरल्यावर रांग लागते, तेव्हा महत्त्वाच्या पंपाची एक जादा मोटार मेमध्येच आणून पुराच्या खुणेपेक्षा उंच ठेवलेली असेल, तर गावाला पाणी त्याच संध्याकाळी सुरू होते.